बदल कोणाच्या नावे?

(भाऊसाहेब डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या स्मृतीनिमित्त अमरावती येथे दिलेले व्याख्यान)



भाऊसाहेबांच्या नावाने बोलायला उभे राहायचे म्हणजे दडपण येतेच. त्यातून संयोजकांनी विषय दिला तो ‘सततच्या बदलात संस्थांचे नेतृत्व’. मी ना पुढारी, ना व्यवस्थापनाचा प्राध्यापक. माझी सगळी नोकरी सहकारी संस्थांची दप्तरे तपासण्यात गेली. ज्याला संस्था चालवायची असते तो पुढे पाहतो, आणि लेखापरीक्षक मागचे वर्ष उघडून बसतो. मग बदलाबद्दल याने काय बोलावे, असा प्रश्न पडू शकतो. माझे उत्तर एवढेच, की बदलाची भाषणे सभागृहात होतात, पण बदलाचा हिशेब दप्तरात उरतो. ते दप्तर मी वाचले आहे.

या विषयावर पुस्तकांना तोटा नाही. अमुक पायऱ्या चढा, संस्था बदलेल, असे सांगणारी पुस्तके अमरावतीच्या बसस्थानकावरही मिळतात. त्यातल्या बऱ्याच मांडण्यांत नेत्याने स्वप्न दाखवायचे, उत्साह पेरायचा आणि विरोध करणाऱ्यांचे मन वळवायचे, असा क्रम असतो. मला वेगळी वाट दाखवली ती हार्वर्ड विद्यापीठात शिकवणाऱ्या रोनाल्ड हायफेट्झ यांनी. त्यांचे पुस्तक १९९४ चे. काही प्रश्न तंत्राचे असतात, जाणकार आणला की सुटतात; आणि काही प्रश्नांत माणसांनाच आपल्या सवयी, निष्ठा, मानाच्या जागा बदलाव्या लागतात, असा फरक ते करतात. लोक बदलाला भीत नाहीत, बदलात जे हातचे जाते त्याला भितात, ही त्यांच्या विचारातली मला सर्वात पटलेली गोष्ट.

मी ती माझ्या धंद्याच्या रीतीने मांडतो. प्रत्येक बदल ही किर्दीतली नोंद आहे. तिला जमा बाजू असते, तशी नावे बाजूही असते. जमा बाजू सगळे वाचून दाखवतात: काम वेगाने होईल, भाव चांगला मिळेल, पारदर्शकता येईल. नावे बाजू मात्र कोरी ठेवतात. ती कोरी दिसते, पण तिथली रक्कम कोणीतरी भरतच असतो. कोण भरतो हे वेळेवर ओळखणे, ते चारचौघांत बोलणे आणि त्यातला वाटा आधी स्वतः उचलणे, हे मला नेतृत्वाचे पहिले कौशल्य वाटते. आपल्या वऱ्हाडात ते कुठे दिसले आणि कुठे दिसले नाही, एवढेच आज सांगणार आहे.

रुमालाखालचा भाव

बदल ही आपल्याकडे कालपरवाची गोष्ट नाही. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस मँचेस्टरला मिळेना, आणि आपल्या काळ्या जमिनीकडे जगाचे डोळे लागले. १८६७ पर्यंत भुसावळहून नागपूरपर्यंत रेल्वे धावू लागली. अकोला, बडनेरा ही स्थानके झाली, जिनिंग-प्रेसिंग आले, गठाणी मुंबईला जाऊ लागल्या. दहा-पंधरा वर्षांत ज्वारी-कापसाचा घरगुती संसार लंडन-लिव्हरपूलच्या भावाला बांधला गेला. ‘सतत बदल’ हा शब्दप्रयोग आपल्या पणजोबांना माहीत नसेल, अनुभव पुरेपूर होता.

पण बाजाराची रीत जुनीच राहिली. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवत. गाडीवर बसलेल्या शेतकऱ्याला त्या बोटांची भाषा कळत नसे. मग अडत, तोलाई, हमाली, धर्मादाय आणि वरून कटती. माल ओला आहे, कवडी आहे, काहीही कारण चाले. या रीतीला पहिला कायदेशीर लगाम आपल्याच भागात बसला. १८८६ मध्ये कारंजाला, आणि पुढे १८९७ च्या वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजाराच्या कायद्याने इतर ठिकाणी. देशातल्या नियंत्रित बाजारांचा इतिहास आपल्या वऱ्हाडापासून सुरू होतो, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावेच.

पण त्या कायद्याची नावे बाजूही वाचायला हवी. बाजार समितीत व्यापारी होते, स्थानिक संस्थांची माणसे होती. ज्याच्यासाठी कायदा झाला त्या शेतकऱ्याला खुर्ची नव्हती. १९२८ मध्ये लॉर्ड लिनलिथगो यांच्या शाही कृषी आयोगाने वऱ्हाडच्या या उणिवेवर बोट ठेवले. म्हणजे सुधारणा आल्यावर तीस वर्षे तिचा मुख्य लाभार्थी बैठकीच्या बाहेर उभा होता. मी दप्तरे तपासताना हीच गोष्ट वेगवेगळ्या कपड्यांत पाहत आलो. बदल चांगला, हेतू चांगला, पण ज्याच्या अंगावर तो पडायचा त्याला ठरावाच्या वेळी कोणी बोलावलेले नसते.

मुष्टिफंड, कर आणि देऊळ

आता भाऊसाहेब. पापळचा हा मुलगा, जन्म २७ डिसेंबर १८९८. विलायतेला गेला, बॅरिस्टर झाला, वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगम-विकासावर प्रबंध लिहून डॉक्टर झाला आणि १९२६ मध्ये परतला. वकिली जोरात चालली असती. त्यांनी काय केले? बहुजनांच्या गरीब मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले आणि ते चालवायला मुष्टिफंड सुरू केला. घरोघरी मूठमूठ धान्य.

या मुठीकडे लोक भावनेने पाहतात, मी हिशेबनीसाच्या नजरेने पाहतो. एखाद्या सावकाराची किंवा जमीनदाराची थैली घेऊन वसतिगृह उभे करता आले असते. मग ते त्याचे झाले असते. मूठभर ज्वारी देणाऱ्या बाईच्या घरची मूठ त्या दिवशी खरोखर कमी होत होती, म्हणून ते छात्रालय तिचे झाले. मुले शिकली पाहिजेत हा बदल तिने नुसता ऐकला नाही, त्याची रक्कम आपल्या नावे टाकून घेतली. रक्कम तिला झेपेल एवढीच होती. भार वाटायचा तो असा, प्रत्येकाला पेलेल इतका आणि प्रत्येकाला जाणवेल इतका.

१९२८ मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करायचे तर पैसा हवा, म्हणून त्यांनी कर वाढवला. पुढारी कर कमी करून मोठे होतात, हा माणूस कर वाढवून मोठा झाला. नावे बाजू झाकून ठेवायची नाही, ती उघड मांडायची: शाळा हव्यात ना, मग एवढे पैसे लागतील. पुढे १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली आणि आज तिच्या शाळा-महाविद्यालयांत शिकलेली माणसे या सभागृहात प्रत्येक रांगेत असतील.

पण नुकसान वाटून घ्या, भरून द्या, एवढेच म्हटले तर माझी मांडणी अर्धवट राहील. काही नुकसाने भरून द्यायची नसतात. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली इथे परिषद झाली, आणि भाऊसाहेब तिच्या पाठीशी उभे राहिले. जिल्हा कौन्सिलमध्ये आल्यावर सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करण्याचा आग्रह त्यांनी धरला. इथेही कोणाचे तरी काहीतरी जात होते. देवळाच्या पायरीवरचा आणि विहिरीच्या काठावरचा जन्मजात अधिकार जात होता. तो ज्याचा जात होता त्याला भाऊसाहेबांनी कसलीही भरपाई देऊ केली नाही, आणि ती द्यायची नव्हतीच.

तेव्हा नेत्याला दोन प्रकारची नुकसाने वेगळी काढता आली पाहिजेत. एक, कष्टाने कमावलेले कौशल्य, रोजी, ओळख जाणे. याची दखल घ्यायची, भरपाई शोधायची. दुसरे, दुसऱ्याच्या मानगुटीवर बसून मिळवलेला अधिकार जाणे. तिथे सभ्यपणे पण ठामपणे ‘जाणार’ म्हणायचे. आपल्या संस्थांत नेमके उलटे होते. गोडाऊनच्या हमालाचे काम यंत्राने गेले तर कोणी विचारत नाही, आणि वर्षानुवर्षे एकाच घरात असलेले अध्यक्षपद जाऊ नये म्हणून उपविधी बदलले जातात.

आखाड्याची संस्था होते तेव्हा

अमरावतीतले दुसरे उदाहरण श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे. १९१४ मध्ये अंबादासपंत आणि अनंतराव वैद्य या भावांनी सुरू केलेला हा आखाडा. हुतात्मा राजगुरूही तिथे शिकून गेले. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीसह आपले देशी खेळ दाखवले, १९४९ मध्ये स्टॉकहोमच्या लिंगियाडला पथक गेले. पुढे शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय झाले, आणि आज त्या आवारात अभियांत्रिकीचेही वर्ग भरतात.

आखाडा असतो वस्तादाचा. डाव त्याच्या अंगात असतात, कोणाला कधी शिकवायचे ते तोच ठरवतो. मंडळाने उन्हाळी वर्ग काढले, अभ्यासक्रम आखला, परीक्षा घेतली, प्रमाणपत्र दिले आणि शिकलेल्यांना गावोगाव पाठवले. असे केले की वस्तादाची एकट्याची मालकी संपते. विद्या बाहेर पडली की ती कोणाच्या हुकमतीत राहत नाही. मला इथे संस्थापकांचे शहाणपण दिसते. नावे बाजूची रक्कम त्यांनी आपल्याच खात्यावर लिहिली. मल्लखांब, लेझीम, कुस्ती हे मात्र सोडले नाही. माती तीच ठेवून त्यांनी दार रुंद केले. काय बदलणार हे सांगण्याआधी काय बदलणार नाही हे ज्या संस्थेला सांगता येते, तिच्यातली माणसे बदलाला लवकर तयार होतात. पायाखाली काही स्थिर असेल तर माणूस पुढचे पाऊल टाकायला धजतो.

एकाधिकारातला हिशेब

जिथे हे जमले नाही त्याचेही बोलू. १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, १९७२ च्या हंगामापासून तिची अंमलबजावणी झाली. राज्यातला सगळा कापूस सरकारच घेणार, प्रतवारी करणार, जिनिंग करून विकणार. व्यापाऱ्याच्या कटतीला कंटाळलेल्या शेतकऱ्याने सुरुवातीला या योजनेचे स्वागत केले, आणि तिने त्याला भावाची काही हमी दिली हेही खरे. चांगल्या वर्षाच्या नफ्यातून भाव-चढउतार निधी बाजूला काढायचा आणि पडत्या वर्षी तो वापरायचा, ही कल्पनाही सुज्ञ होती.

घडले काय? सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेश, खाली आंध्र, पश्चिमेला गुजरात, तिथे बाजार मोकळा. बाहेर भाव चढला की वऱ्हाडचा कापूस रात्रीतून सीमेपलीकडे जाई. बाहेर भाव पडला की तिकडचा कापूस आपल्या केंद्रांवर येई. म्हणजे नफ्याचे वर्ष योजनेच्या हाती लागेना आणि तोट्याचे वर्ष सुटेना. केंद्रांबाहेर गाड्यांच्या रांगा, ग्रेडरची मनमानी, आणि चुकारे हप्त्याहप्त्याने, तेही उशिरा. भावाची घोषणा मुंबईत व्हायची, तिचा भार तिजोरीवर पडायचा आणि वाट पाहण्याचा भार शेतकऱ्यावर. घोषणा करणारा, पैसे भरणारा आणि थांबणारा हे तिघे एका खोलीत कधी बसलेच नाहीत. २००२ नंतर खासगी खरेदीला वाट मोकळी झाली आणि एकाधिकार कागदावर उरला.

योजना वाईट होती म्हणून ती पडली, असे मी म्हणत नाही. तिला दरवर्षी बदलण्याची सोय नव्हती. जो जाणता होता, म्हणजे केंद्रावरचा माणूस, ज्याला रांग दिसत होती, कुठला कापूस कुठून आला हे गाडीवानाच्या बोलीवरून कळत होते, त्याच्या माहितीला वर जायला रस्ता नव्हता. नेतृत्वाचे दुसरे कौशल्य इथे दिसते: खालची वाईट बातमी वर लवकर आली पाहिजे, आणि ती आणणाऱ्याला शिक्षा होता कामा नये. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिवार फेरी मला त्यासाठी आवडते. शिवार फेरीत शेतकरी विद्यापीठाच्या वावरात फिरतात, वाण उभे असताना पाहतात आणि तोंडावर सांगतात की हे आमच्याकडे चालणार नाही. शास्त्रज्ञाला ऐकावे लागते. वातानुकूलित सभागृहात तोच शेतकरी मान हलवून जेवून घरी जातो.

१२० ग्रॅमचे पाकीट

अलीकडच्या काळातले एक उदाहरण जरा जवळून पाहू, कारण ते या सभागृहातल्या अर्ध्या लोकांच्या धुऱ्यावरचे आहे. २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. काही वर्षांत वऱ्हाडातली जवळजवळ सगळी पऱ्हाटी बीटी झाली. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर आणखी एक लहान पाकीट यायचे, १२० ग्रॅमचे, साध्या बियाण्याचे. ते शेताच्या कडेने लावायचे. कारण असे, की बीटी झाडावर जगून वाचलेल्या थोड्या अळ्यांच्या पतंगांची गाठ साध्या झाडावर वाढलेल्या अळ्यांच्या पतंगांशी पडावी, म्हणजे नुसती प्रतिकारशक्ती असलेल्या अळ्यांची फौज तयार होणार नाही. शास्त्र पक्के होते.

शेतकऱ्याने ते पाकीट काय केले? बहुतेकांनी बांधावर फेकले. त्याला मूर्ख म्हणू नका, त्याचा हिशेब चोख होता. कडेच्या ओळींवर अळी पडणार, उत्पन्न जाणार, ते त्याचे एकट्याचे. फायदा होणार तो साऱ्या तालुक्याचा, आणि तोही काही वर्षांनी. नावे बाजू एकट्याच्या खात्यावर, जमा बाजू सगळ्यांच्या. ही गोष्ट त्याच्याशी बसून कोणी बोलले नाही. पाकिटावर छापले होते, एवढेच. पुढे फरदडीचेही तेच. डिसेंबरात पऱ्हाटी उपटायची सोडून पाणी देऊन मार्च-एप्रिलपर्यंत ठेवली की चार क्विंटल जास्त मिळतात, पण गुलाबी बोंडअळीला वर्षभर घर मिळते. २०१७ च्या हंगामात तिने जे केले ते तुम्ही पाहिले आहे. बोंड बाहेरून टपोरे, फोडले की आत अळी आणि पिवळी पडलेली रुई.

इथे नेतृत्वाची कसोटी वेगळी होती. दुकानदार, बियाणे कंपनी, कृषी खाते, बाजार समिती, सगळे आपापले काम करत होते. गाव म्हणून एकत्र निर्णय घ्यायला लावणारा माणूस हवा होता: ‘या गावात जानेवारीत एकही पऱ्हाटी उभी राहणार नाही, आणि ज्याचा त्यात तोटा होतो त्याच्या हरभऱ्याच्या बियाण्याचे आपण बघू.’ असे जिथे झाले तिथे अळी आटोक्यात राहिली, हे शेतकरीच सांगतात. हे काम वरून आलेल्या पत्रकाने होत नाही. त्यासाठी गावातला, ज्याचे स्वतःचे फरदडीचे पीक आहे, असा माणूस लागतो. आणि पहिली पऱ्हाटी त्याला स्वतःची उपटावी लागते.

मशीन आणि गटसचिव

सध्याचा बदल सगळ्यांच्या दारात आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्याने मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा. २०२२ मध्ये केंद्राने देशातल्या ६३,००० गावसोसायट्यांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. माझ्या ओळखीच्या अनेक सोसायट्यांत मशीन आले आहे.

एका सोसायटीत मी गेलो तेव्हा गटसचिव दोनदा काम करत होते. दिवसा मोठ्या रजिस्टरमध्ये, संध्याकाळी संगणकात, तेही एका पोराकडून टाईप करून घेऊन. वय पंचावन्नच्या पुढे. गावातल्या प्रत्येक खातेदाराची थकबाकी तोंडपाठ. मी विचारले, रजिस्टर बंद का करत नाही? ते म्हणाले, “सायेब, मशीन आली हे बेसच झालं. पन काल लोक मले इचारत होते, आता त्या पोराले इचारतात.”

या एका वाक्यात मला सगळ्या पुस्तकांतले प्रकरण सापडले. संचालक मंडळाच्या ठरावात ‘संगणकीकरणास एकमताने मंजुरी’ असे लिहिले होते. कोणाचा मान जाणार आहे, हे लिहायला जागाच नव्हती. अध्यक्ष शहाणे निघाले. त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, संगणकातल्या सगळ्या खात्यांचे चावडीवाचन ठेवले आणि ते वाचण्याचे, चूक झाली तर दुरुस्त करण्याचे काम गटसचिवांकडे दिले. मयत सभासद, नावातल्या चुका, वारसांचे घोळ, हे त्या पोराला कधीच कळले नसते. या माणसाने ओट्यावर बसून एकेक सोडवले. दोन, रजिस्टर कोणत्या तारखेपासून बंद होणार हे त्या सभेतच जाहीर केले. पुढच्या लेखापरीक्षणाला रजिस्टर कपाटात होते आणि गटसचिव पोराच्या शेजारच्या खुर्चीवर. त्यांचा अनुभव वाया गेला नव्हता, नव्या जागी बसला होता.

उलटीही उदाहरणे पाहिली आहेत. मशीनवर रुमाल टाकलेला, पासवर्ड कोणाला आठवत नाही, आणि दोषदुरुस्ती अहवालात दरवर्षी ‘संगणकीकरण प्रगतिपथावर’. तिथे कोणी बदलाला विरोध केला नव्हता. कोणी तोंडच उघडले नव्हते.

यातून तिसरे कौशल्य निघते. सतत बदल म्हणजे दर महिन्याला नवी गोष्ट वर लादणे नाही. एक नवे काम द्यायचे तर एक जुने काम त्याच दिवशी बंद करायचे. आपल्या संस्थांत नवे येत राहते, जुने जात नाही, आणि मग माणसे थकतात. थकलेल्या माणसाला आपण ‘बदलाला विरोध करणारा’ म्हणतो. त्याच्या टेबलावरची जुनी रजिस्टरे मोजली की आपला शब्द मागे घ्यावा लागतो.

एक सूचना

आता व्याख्यान संपवताना एक व्यवहारी सूचना करतो. इथे शिक्षणसंस्थांचे पदाधिकारी आहेत, पतसंस्थांचे संचालक आहेत, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे तरुण आहेत, बाजार समितीचे सदस्य आहेत. तुमच्या पुढच्या सभेत बदलाचा कोणताही ठराव मांडाल तेव्हा त्यात तीन ओळी जादा लिहा. पहिली: या बदलाने कोणाचे काम, रोजी किंवा मान कमी होणार, त्यांची पदे कोणती. दुसरी: त्यातले काय भरून देणार आणि काय भरून देणार नाही, आणि का. तिसरी: संचालक मंडळ यात स्वतःचे काय सोडणार. भत्ता, अधिकार, वर्षे, काहीही असो, पण काहीतरी.

या तीन ओळी लिहिताना तुमच्या सभेत भांडण होईल. ते होऊ द्या. जे भांडण ठरावाच्या वेळी होत नाही ते अंमलबजावणीत होते, आणि तिथे ते महाग पडते, हे मी अनेक दप्तरांत वाचले आहे. तिसऱ्या ओळीसमोर पेन अडखळेल. अडखळले तर तो ठराव अजून तयार झालेला नाही, असे समजून पुढच्या सभेवर ठेवा.

भाऊसाहेबांनी कर वाढवताना, देवळातल्या प्रवेशाच्या बाजूने उभे राहताना आणि मूठ मागताना, तिन्ही वेळा समोरच्याकडून काही घेतले आणि स्वतःचेही काही पणाला लावले. त्यांच्या संस्थांचा वारसा सांगणारे आपण सगळे, निदान आपापल्या ठरावबुकात ती तिसरी ओळ लिहायला सुरुवात करू.